पात्याची साक्ष

वर्धेचा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्या राज्याचे संस्थापक रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७.१५ लाख रुपयांना मिळविली. तिचे सरळ, एकधारी पाते युरोपीय घडणीचे. अशा पात्यास ‘फिरंग’ म्हणत. मालकीची साक्ष मात्र पाठीवरील सोनेरी देवनागरी लेखात आहे. पाते कोठे घडले आणि कोणी धारण केले, हे दोन निराळे प्रश्न होत. लेख मागाहूनही कोरता येतो. म्हणून लिपीचे वळण, मूठ आणि झीज यांचा मेळ जुळावा लागतो. आंजी (मोठी) येथील एखाद्या जुन्या घरात असे पाते निघाल्यास ते घासून लखलखीत करू नये. ते हुंडीवरील सही खोडण्यासारखेच ठरेल.