खोडरबर बाजूला ठेवा, आणि टॅबसुद्धा

"डॉक्टर, आता पेनाने लिहितं कोण? पुढे सगळं टायपिंगच तर आहे."

मुलाच्या अक्षराचा किंवा लिहिण्याच्या कंटाळ्याचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. सोबत फोनमधलं अक्षरं गिरवायचं ॲप दाखवलं जातं आणि "तीन वर्षांचा आहे, पण एबीसीडी सगळी येते" हे कौतुकही होतं. वाक्य वरवर बरोबर वाटतं, पण त्यात मूळ प्रश्नच चुकलेला आहे. मोठेपणी पेन धरावं लागेल की नाही, हे महत्त्वाचं नाही. लहानपणी लिहिताना मुलाच्या मेंदूत काय घडतं, ते महत्त्वाचं आहे.

हात वाचायला शिकवतो

कागदावर 'ध' आणि 'घ' शेजारी शेजारी काढा. मग 'भ' आणि 'म' काढा. फरक किती? डावीकडचं एक छोटं वळण आणि शिरोरेषेतली जराशी फट. मोठ्यांना तो सहज दिसतो. मुलाला मात्र तो हाताने शिकावा लागतो, कारण प्रत्येक अक्षरासाठी हात वेगळा फिरतो. फोनच्या कीबोर्डवर 'ध' असो वा 'घ', बोटाची हालचाल एकच: टेकवा आणि उचला.

२०१२ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास केला. मुलांनी काही अक्षरं स्वतःच्या हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही टाइप केली. नंतर ती अक्षरं पाहताना मुलांच्या मेंदूचं एमआरआय स्कॅन केलं. मोठी माणसं वाचताना मेंदूचे जे भाग वापरतात, ते हाताने काढलेल्या अक्षरांच्या वेळी कामाला लागले. गिरवलेल्या आणि टाइप केलेल्या अक्षरांच्या वेळी तसं झालं नाही.

गिरवूनही तसं झालं नाही, हे नीट लक्षात घ्या. म्हणजे ॲपमधल्या ठिपक्यांवरून बोट फिरवणं हे लिहिणं नव्हे. यामागचं संशोधकांचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. मुलाने स्वतः काढलेला 'क' दर वेळी वेगळा येतो: कधी तिरका, कधी पोटफुगा. त्या सगळ्या वेड्यावाकड्या 'क'मधून मेंदू शिकतो की 'क' कशामुळे 'क' ठरतो. तुम्ही खोडरबर घेऊन जे पुसून टाकता, शिकणं नेमकं त्यातच असतं.

तीन वर्षांच्या हातात पेन्सिलही नको

आता दुसऱ्या बाजूला बोलतो, म्हणजे बालवाडीत पानंच्या पानं भरून घेणाऱ्या शाळांना आणि "शेजारच्याचा मुलगा वाक्यं लिहितो" म्हणणाऱ्या पालकांना.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मताना ती सगळी कूर्चेची असतात आणि हळूहळू कडक होतात. शेवटचं हाड तयार व्हायला साधारण आठ ते बारा वर्षं लागतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्यात पेन्सिल धरण्याची पक्की पकड बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान येते. त्याआधी लिखाणाची सक्ती केली तर पकड चुकीची बसते, हात दुखतो आणि लिहिण्याचा तिटकारा येतो.

या वयात हाताला व्यायाम हवा, आणि तो तुमच्या स्वयंपाकघरात फुकट मिळतो. मटार सोलणं, शेंगा फोडणं, कणकेचा गोळा मळणं, दिव्याच्या वाती वळणं, कपड्यांना चिमटे लावणं, स्वतःच्या शर्टाची बटणं स्वतः लावणं, गोट्या, सागरगोटे, भोवरा. आपण ही सगळी कामं मुलाच्या हातातून काढून घेतली. कारणं दोनच: पसारा होतो आणि वेळ जातो. मग तो वाचवलेला वेळ टॅबला दिला. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन आणि दोन वर्षांखाली अजिबात नाही, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. 'शैक्षणिक ॲप' म्हटल्याने तो तास वाढत नाही.

सवय किती लवकर मोडते

कोविडच्या काळात शाळा स्क्रीनवर गेली. २०२२ च्या दहावी-बारावीच्या परीक्षेत आपल्या राज्य मंडळाला ७० ते १०० गुणांच्या पेपरसाठी अर्धा तास वाढवून द्यावा लागला, कारण मुलांचा लिहिण्याचा सराव सुटला होता. ती तर पंधरा-सोळा वर्षांची मुलं होती, लिहायला शिकून झालेली. ज्यांचा हात अजून तयारच झालेला नाही, त्यांचा विचार करा.

"तुम्हा डॉक्टरांचं अक्षर कुठे वाचता येतं?" हा टोमणा आता येणारच. टोमणा रास्त आहे. औषधाची चिठ्ठी छापील असावी, कारण ती वाचणाऱ्यासाठी असते आणि वाचण्यात चूक झाली तर जिवावर बेतू शकतं. मुलाचं लिखाण मात्र लिहिणाऱ्यासाठी असतं. मोठ्यांनी लॅपटॉप सोडावा, असंही माझं म्हणणं नाही. हाताने घेतलेल्या नोट्स जास्त लक्षात राहतात, असं सांगणारा २०१४ चा गाजलेला अभ्यास पुन्हा करून पाहिला, तेव्हा तेवढे ठोस निकाल आले नाहीत. माझं भांडण लहान वयापुरतं आहे.

सात-आठ वर्षांचं मूल नियमित सराव करूनही दोन ओळींत थकत असेल, पेन्सिल धरता येत नसेल, किंवा तोंडी सगळं येऊन कागदावर काहीच उतरत नसेल, तर त्याला आळशी म्हणू नका. बालरोगतज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा. अशा काही मुलांसाठी कीबोर्ड किंवा लेखनिक हीच योग्य मदत असते आणि ती हक्काने मागावी.

बाकीच्यांनी पुढच्या पालकसभेत शाळेला दोन प्रश्न विचारा. छोट्या शिशूत मुलं हाताने रोज काय काय करतात? आणि पहिली-दुसरीत रोज किती वेळ कागदावर स्वतःचं काहीतरी लिहितात, फळ्यावरचं उतरवून न घेता? उत्तरात 'स्मार्ट क्लास' आला, तर प्रश्न पुन्हा विचारा.