सायकल घेताना आधी कॅरियर बघा

कपाशीची वेचणी चालू आहे, म्हणून आठ दिवस इथे काही टाकता आलं नाही. आजचा विषय शेतीचा नाही, पण शेतकऱ्याच्या पैशाचा आहे.

पुतण्याला जानेवारीत सायकलवर नर्मदा परिक्रमा करायची आहे. शहरातल्या दुकानात जाऊन दोन सायकली बघून आला. एक शॉकअपवाली, दुसरी बारीक टायरची, रेसची. दोन्ही चाळीस हजारांच्या आसपास. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये, म्हणजे पाच क्विंटल कापूस झाला. तोही हमीभाव हातात पडला तर! मी म्हटलं, दोन्ही नको.

ट्रॅक्टर घेताना आपण आधी जमीन आणि अवजार बघतो, एचपी नंतर. सायकलीचं उलटं का करतात, ते कळत नाही. किती किलोमीटर जायचं, एवढ्यावरच सगळे बोलतात. अंतराने सायकल ठरत नाही भो. सामान कोण वाहणार आणि मोडली तर कुठे दुरुस्त होणार, यावर ठरते.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. तिथे हलकी रेसची सायकलच लागते, कारण मागे गाडी असते, गाडीत माणसं, चाकं, खाणं सगळं असतं. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये जगभर सुमारे २९ हजार किलोमीटर फिरली, ती स्वतःचं सामान स्वतः वाहत. दोन्ही लांबचेच प्रवास, पण सायकलीकडून मागणी वेगळी. पंढरपूरच्या सायकल वारीत सोबत टेम्पो असेल तर साधी हायब्रीडही चालते. २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत संपवायची, सामान थोडंच, तिथे २८-३२ मिलिमीटरचा टायर पुरे.

परिक्रमा म्हणजे अडीच-तीन हजार किलोमीटर. खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा हा आपल्या बाजूचाच रस्ता आहे. मागे गाडी नाही, अंथरूण-पांघरूण कॅरियरवर. म्हणून आधी कॅरियर बघा. फ्रेमला ते कसायला आट्याची भोकं आहेत का? मागचं चाक जरा लांब बसवलेलं आहे का? नाहीतर पायडल मारताना टाच बॅगेला लागते, आणि दिवसभर लागतच राहते. शॉकअप नकोच. स्वस्तातला शॉकअप वजन वाढवतो आणि चढावर जोर खाली-वर करण्यात वाया जातो. साधा फोर्क आणि ४० मिलिमीटरच्या वरचा टायर घ्या, तोच दचके खातो. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर जागा हवी. काळ्या मातीत अवकाळीची एक सर आली की चाक कसं जाम होतं, हे मी तुम्हाला काय सांगू!

गियर किती, हे विचारू नका. सगळ्यात हलका गियर कोणता, ते विचारा. पुढचं लहान चक्र मागच्या मोठ्या चक्राएवढं किंवा त्याहून लहान असेल, तर सामानासकट घाट चढता येतो. ट्रॅक्टरचा लो गियर समजा.

आता दुरुस्ती. गावोगावी मिळतो तो काळ्या सायकलीचा २८ × दीड टायर. त्याची रिम ६३५ मिलिमीटरची, तर ७०० च्या टायरची ६२२ ची. दिसायला सारखे, पण बसत नाहीत. म्हणून एक घडीचा टायर आणि दोन ट्यूब सोबत पाहिजेतच. सराटे आणि वेडी बाभूळ दोन्ही सगळीकडे आहेत. ट्यूब मोटारसायकलसारख्या वॉलची घ्या, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा मिळेल. ब्रेक तारेचा असावा. फ्रेम स्टीलची असेल तर ट्रॉली जोडणारा वेल्डिंगवाला पुढच्या शहरापर्यंत जाण्याइतकी जोडून देतो. ॲल्युमिनियम त्याच्याकडे जुळत नाही, कार्बनचं तर नावच नको.

कुणी म्हणेल, आपले म्हातारे काळ्या सायकलवर वणीला जायचेच की. जायचे. आणि घाटात हातात धरून ढकलायचे, उतारावर रॉडचे ब्रेक देवाच्या भरवशावर. ती सायकल मलाही प्यारी आहे, पण परिक्रमेला मी पोराला तिच्यावर पाठवणार नाही.

पुतण्या दोन दिवस रुसला होता. आता मित्राची हायब्रीड मागून आणलीय. रविवारी कॅरियरला पंधरा किलो ज्वारी बांधून चाळीसगावहून कन्नड घाट चढणार आहे. खरेदीचं त्यानंतर बघू. तुमच्यापैकी कुणी सायकलने परिक्रमा केली असेल तर टायर कोणता होता आणि किती पंक्चर झाले, तेवढं खाली लिहा.