लिहिलेली फूट, घडलेली फूट

व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरतो आणि वैरही कागदावर जन्मास येते. ७ जुलै १९९६ रोजी अमेरिकेतील डेटोना बीच येथे प्रेक्षकांचा लाडका नायक हल्क होगन स्कॉट हॉल व केविन नॅश या बंडखोरांना अकस्मात जाऊन मिळाला आणि ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ हा गट उभा राहिला. संतापलेल्या प्रेक्षकांनी रिंगणात कचरा फेकला. धंदा मात्र तेजीत आला. पुढे गटातच गट पडले, कथानक शिळे झाले आणि २००१ मध्ये ती कंपनी प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली.

आपल्याकडील फूट कोणी रंजनासाठी लिहिलेली नव्हती. १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा कुस्तीतील सर्वोच्च मान. संघटनांच्या दुफळीने नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावी सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे असे दोन केसरी झाले. २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, तर कर्जतला वेताळ शेळके!

यात मल्लांचा दोष काय? बुलढाणा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा पहाटे जोर-बैठका काढतो. घरचे पोटाला चिमटा घेऊन त्याचा खुराक भागवितात. त्याने कोणत्या गदेकडे पाहावे? रिंगणातील नटाला फूट पैसा मिळवून देते; आखाड्यातील मल्लाची ती उमेदीची वर्षे गिळते. म्हणून निवड चाचणी एक, मैदान एक आणि केसरीही एकच असला पाहिजे. प्रेक्षकांनी पाठ फिरविण्याची वाट संघटकांनी पाहू नये.