डावखुऱ्यांचा अकरा आणि खान्देशची रिकामी जागा

सर्वकालीन संघ निवडायचा म्हटले की कसोटीतल्या धावा आणि बळी उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरचे अकरा उचलायचे, अशी सोपी रीत आहे. मराठी मुलखातल्या डावखुऱ्यांचा संघ या रीतीने निवडायला माझा ठाम विरोध आहे. आकडे खोटे नसतात, पण मैदानात उतरू दिलेल्यांचेच ते असतात. या संघात मी पहिले नाव ज्यांचे लिहितो, ते एकही कसोटी खेळले नाहीत.

पालवणकर बाळू. जन्म 1876 चा, धारवाडचा, घडले पुण्यात. पूना क्लबमध्ये महिना चार रुपयांवर रोलर ओढायचा, खेळपट्टी राखायची आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे त्यांचे काम. त्या सरावातून त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. सामना जिंकायचा तर हिंदूंच्या संघाला बाळू हवे होते. पण चहाच्या वेळी चांभाराच्या या मुलाला पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. 1911 मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. बहुतेक सामने हरलेल्या त्या दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले. भारताला पहिली कसोटी मिळाली 1932 मध्ये. तेव्हा त्यांचे वय 56 होते. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. तो मान 1923 मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाला, तोही कुटुंबाने बरेच सोसल्यावर. कसोटीच्या यादीत बाळूंना शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परततो, आणि म्हणून ती यादी मला पुरेशी वाटत नाही.

आता नियम. फलंदाजी किंवा गोलंदाजी, यांपैकी एक तरी डाव्या हाताने हवी. सचिन तेंडुलकर सही डाव्या हाताने करतो, तरी तो या संघात बसत नाही. सुनील गावसकर यांनी 1981-82 च्या रणजी उपांत्य सामन्यात कर्नाटकच्या रघुराम भट यांच्या डावखुऱ्या फिरकीपुढे चक्क डाव्या हाताने फलंदाजी केली आणि नाबाद राहिले. चेंडू बाहेर वळत होता, म्हणून उभे राहण्याची बाजूच बदलली. ते धाडस मोठे, पण त्यांनाही या संघात जागा नाही. स्मृती मानधना मात्र बसते. सांगलीत वाढलेली ही मुलगी एरवी उजव्या हाताची; वडिलांना डावखुऱ्या फलंदाजांचे वेड, म्हणून ती डावीकडून खेळू लागली. पुरुषांच्या संघात बाई कशी, असे कोणी विचारील. सर्वकालीन म्हणायचे आणि निम्मी माणसे वगळायची, हे मला पटत नाही. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा ती त्या संघाची सलामीवीर आणि उपकर्णधार होती.

तिच्यासोबत यशस्वी जयस्वाल. जन्म उत्तर प्रदेशातला, पण तो घडला आझाद मैदानावर. 2024 मध्ये इंग्लंडविरुद्ध एकाच मालिकेत त्याने दोन द्विशतके ठोकली. तिसऱ्या क्रमांकावर अजित वाडेकर, आणि तेच कर्णधार. 1971 मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड, दोघांनाही त्यांच्या घरी हरवणाऱ्या माणसाला दुसऱ्या कोणाच्या हाताखाली खेळवणे बरे नव्हे. चौथा विनोद कांबळी: 17 कसोटी, 1084 धावा, सरासरी 54.20, लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके. शेवटची कसोटी तो खेळला तेव्हा 23 वर्षांचा होता. त्याच्याविषयी खूप बोलले गेले आहे. मी त्याच्या धावा मोजतो.

पाचवा एकनाथ सोलकर. वडील हिंदू जिमखान्यावर माळी. तिथल्याच खोपटात हा मुलगा वाढला. बाळू मुंबईत खेळले तेही याच जिमखान्याकडून. फॉरवर्ड शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय, फलंदाजाच्या श्वासाइतक्या अंतरावर उभे राहून सोलकरांनी 27 कसोटींत 53 झेल घेतले. यष्टिरक्षक नसलेल्या कोणाचेही कसोटीमागे झेलांचे प्रमाण पाहा आणि मग त्यांच्या जागेवर वाद घाला. यष्टिरक्षणासाठी मात्र रुरकीचा ऋषभ पंत मी उसना घेतो.

मधल्या फळीतले उरलेले नाव बापू नाडकर्णी, नाशिकचे. जानेवारी 1964, मद्रास, इंग्लंडविरुद्ध: 32 षटके, 27 निर्धाव, 5 धावा, एकही बळी नाही. त्यात सलग 21 निर्धाव षटके. लोक हे आकडे गमतीने सांगतात. मला त्यात कमालीची शिस्त दिसते. खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकण्याचा सराव केल्याशिवाय ही अचूकता येत नाही. शिवाय त्याच मालिकेत त्यांनी कानपूरला नाबाद 122 धावा केल्या. विनू मांकड यांच्या 162 बळींपुढे बापूंचे 88 कमी, हे मान्य. मांकड थोरच. पण बापू फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही डाव्या हाताने करणारे, आणि रणजीची सुरुवात त्यांनी केली महाराष्ट्राच्या संघातून. रवी शास्त्रीही याच जागेच्या रांगेत होते, तेही बाहेर.

नवा चेंडू झहीर खान आणि करसन घावरी यांच्या हाती. झहीर श्रीरामपूरचा. 92 कसोटींत 311 बळी, 2011 च्या विश्वचषकात 21. घावरी राजकोटचे, पण मुंबईसाठी खेळलेले. 1981 मध्ये मेलबर्नला ग्रेग चॅपेलला पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत करणारे.

अकरावे पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत 589 बळी, 19.69 ची सरासरी. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध 16 धावांत 8 बळी. कसोटी शून्य, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. बाळूंना आधी जातीने आणि मग काळाने अडवले. शिवलकरांना एका थोर समकालीनाने. दोन अडवणुकी सारख्या नाहीत आणि त्या सारख्या मानणे बाळूंवर अन्याय ठरेल. पण दोघांनाही घेतल्याशिवाय डावखुऱ्या फिरकीचा मराठी इतिहास पुरा होत नाही.

या संघात खान्देशचा कोणी नाही. जळगाव-धुळ्याच्या वाचकाला ते खटकेल आणि खटकायला हवे. नैर्ऋत्येकडे सर्वांत जवळचा आपला माणूस नाशिकचा, दक्षिणेकडे श्रीरामपूरचा. झहीरचे उदाहरण नीट पाहावे: श्रीरामपुरातून तो मुंबईला गेला, मद्रासच्या अकादमीत गोलंदाजी घडवली आणि प्रथम श्रेणीत उतरला बडोद्याकडून. गुण गावाचा, दार परक्या शहराचे. जळगावहून पुणे काय आणि मुंबई काय, सुमारे चारशे किलोमीटर. निवड चाचणीला पोराला घेऊन जायचे म्हणजे बापाच्या दोन दिवसांच्या मजुरीचा प्रश्न असतो. जळगावच्या जैन इरिगेशनने मुंबईच्या कंपनी क्रिकेटमध्ये संघ उतरवून नाव कमावले, हे खरे. पण एक कंपनी जिल्ह्याची सगळी वाट बांधू शकत नाही.

तापीच्या खोऱ्यातली काळी माती या विषयात मला महत्त्वाची वाटते. काळ्या मातीच्या खेळपट्टीवर चेंडू संथ येतो, खाली राहतो. तिथे वेग फुकट जातो आणि बापूंसारखी अचूक डावखुरी फिरकी फलंदाजाचा जीव नकोसा करते. जळगावच्या सागर पार्कवर किंवा धुळ्याच्या गरुड मैदानावर टेनिस चेंडूने खेळणाऱ्या पोरांत असा हात असणारच. साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो. तो हात लेदर चेंडूपर्यंत आणि टर्फपर्यंत पोहोचवणे हे जिल्हा संघटनांचे काम आहे.

आणि एक काम घराचे, शाळेचे. पंगतीत, देवघरात, पाटीवर डावा हात पुढे आला की तो मागे ओढायची आपली जुनी सवय आहे. क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे: मैदानावर तरी तो ओढू नका. ज्या पोराचा डावा हात वळतो, त्याच्या हाती नवा चेंडू द्या, त्याचे बळी वहीत लिहा आणि ती वही जपून ठेवा. जिल्ह्यातल्या जुन्या खेळाडूंच्या घरी माळ्यावर स्कोअरबुके पडून असतील, तर ती रद्दीत जाण्याआधी जिल्हा संघटनेकडे नेऊन द्या.