तिसरा फाटा कुठे आहे?

२०२५ मध्ये 'लाडकी बहीण'ची ई-केवायसी आली. तिथे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. फाटे दोनच. वडील वारलेले, नवऱ्याने टाकलेली, अशा पेण-रोह्यातल्या बाईने जायचं कुठून? ओरड झाल्यावर सवलत मिळाली, पण मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद दाखवण्याच्या अटीवर. परित्यक्तेकडे हा कागद असतो कधी?

आता असे अर्ज चॅटजीपीटीसारख्या भाषा मॉडेलकडून वाचून घ्यावेत, असं सुचवलं जातं. मॉडेल उत्तर लिहिणार आणि पुढची यंत्रणा त्या उत्तरातला शब्द हुडकून अर्ज या किंवा त्या वाटेला लावणार. धोका इथेच आहे. मॉडेल दर वेळी त्याच शब्दांत बोलेल याची खात्री नाही. ते म्हणालं, 'हिला अपात्र ठरवता येणार नाही', तर नुसता 'अपात्र' शब्द शोधणारी यंत्रणा बाईला बाद करील. 'पात्र' शोधायला सांगितलं तर तो 'अपात्र'मध्येही सापडतो! (मराठी न येणाऱ्याच्या हे लक्षात तरी येईल का?)

तेव्हा मैत्रिणींनो, आपली मागणी नेमकी हवी. उत्तर ठरलेल्या मोजक्या पर्यायांतलंच घ्यावं. जे त्यात बसणार नाही, अर्धवट येईल किंवा येणारच नाही, तो अर्ज नामंजूर न करता माणसासमोर ठेवावा. तो माणूस म्हणजे पुन्हा मानधनावर राबणारी अंगणवाडी सेविकाच असेल, तर या कामाचा वेगळा मोबदला तिला मिळाला पाहिजे. आणि नकार द्यायचाच असेल, तर कारण लेखी, मराठीत, अधिकाऱ्याच्या सहीने द्यावं.