परतीआधीची न्याहारी

समुद्रावर पक्षी बघायला जायचं तर गजर लावण्याआधी कालनिर्णय उघडावं. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं. उत्तर येईल त्या वेळेच्या आसपास भरती. द्वितीयेला दीड. म्हणजे पहाटे दीडला भरती आणि पावणेआठच्या सुमारास पुरती ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कालवं काढायला जाणाऱ्या बायकांचं या हिशोबावर अजून भागतं. माघ वद्य द्वितीया-तृतीया मला आवडतात त्या याचसाठी. उजाडतं तेव्हा पाणी लांब गेलेलं असतं आणि दापोलीजवळच्या मुरूडची पुळण ओली, घट्ट, चालायला झकास असते.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे यांत गोंधळ होऊन ज्यांचे मार्क गेले, त्यांनी या वेळी इथे यावं. वारा जमिनीकडून पाण्याकडे जात असतो, पाठीवर गारठा देतो आणि येताना मोहराचा वास घेऊन येतो. लाटा दबलेल्या असतात. सूर्य डोंगराआडून वर यायला वेळ लावतो. ऊन आधी लांबच्या होड्यांवर पडतं, पुळण बराच वेळ सावलीत राहते. आपल्या किनाऱ्याचा हा मोठा फायदा. सकाळी सूर्य पाठीशी असल्याने पक्षी रंगासकट दिसतात. संध्याकाळी सूर्यास्ताला गर्दी लोटते तेव्हा समोर नुसत्या काळ्या आकृत्या उरतात.

ओल्या वाळूवर पहिल्यांदा दिसतात ते चिखले. मातकट रंग, चिमणीपेक्षा थोडे मोठे, आणि स्वस्थ उभे राहिले तर दहा पावलांवरूनही सापडत नाहीत. चार पावलं धाव, थांब, मान किंचित तिरकी, टोच. पुन्हा धाव. चिखल्या डोळ्यांनी शिकार शोधतो. तुतवारांसारखा चोच खुपसून चाचपत बसत नाही. पाण्याच्या अगदी कडेला सँडरलिंगांची टोळी असते, फिकट पांढुरकी. लाट मागे हटली की तिच्यामागे, लाट आली की तिच्यापुढे. तुतवारांच्या घराण्यातला हा असा एक, की ज्याला पायाचं मागचं बोटच नाही. आर्क्टिकच्या टुंड्रात जन्मलेला पक्षी मुरूडच्या वाळूत बारीकसारीक किडे वेचतो आहे, यावर पहिल्यांदा विश्वास बसायला जड जातं.

कुरव बघायचे तर हर्णै बंदर गाठावं. (हल्ली सगळेच त्यांना सीगल म्हणतात, म्हणोत बापडे.) समोर सुवर्णदुर्ग, वाळूवर मासळीचा लिलाव आणि वर कुरवांचा कालवा. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात पांढरंच असतं, डोळ्यामागे एक मळकट ठिपका तेवढा. हिवाळा सरत आला की काहींच्या डोक्यावर तपकिरी छटा चढू लागते. वयात आलेल्या पक्ष्याचा डोळा फिकट असतो, त्यामुळे नजर जरा रागीट वाटते. हा पक्षी मार्च-एप्रिलात निघतो आणि लडाख-तिबेटातल्या सरोवरांवर घरटं करतो. त्सो मोरिरी हे त्यातलं एक, समुद्रसपाटीपासून सुमारे 4,500 मीटरवर. इथे बांगड्याच्या आतड्यासाठी भांडणारा हा प्राणी जूनमध्ये तिथे अंडी उबवत असतो.

"यंदा कमी दिसतात का हो मावशी?" मी टोपली निवडणाऱ्या बाईंना विचारलं.

"म्हावरं गावलं तर येतात. आम्हालाच गावत नाय, त्यांना कुठून?" त्यांनी मान वर न करताच सांगितलं.

थंडी सरतानाचे हे आठवडे पक्ष्यांसाठी खाण्याचे असतात. प्रवासाचं इंधन म्हणजे अंगावरची चरबी. किनाऱ्यावरच्या काही लांब पल्ल्याच्या जाती निघण्याआधी वजन दीडपटीपर्यंत नेतात. चिखल्याला आणि तुतवाराला हे सगळं ओहोटीच्या काही तासांतच जमवावं लागतं, कारण भरती आली की जेवणाचं ताट पाण्याखाली. आणि नेमक्या त्याच तासांत आपण वाळूवर मोटरसायकली घालतो, पोरांना "पळ, उडव त्यांना!" म्हणून सोडतो आणि उडालेल्या थव्याचा व्हिडिओ काढतो. थवा उडून फेरी मारून परत बसतो, म्हणून आपल्याला वाटतं त्याचं काही बिघडलं नाही. पण प्रत्येक उड्डाणाला साठवलेली चरबी जळते आणि खाण्याची वेळ जाते ती वेगळीच. गेटवे-मांडवा लाँचवरून कुरवांना वेफर्स आणि कुरकुरे भिरकावणं हा त्याचाच दुसरा प्रकार. त्याला भूतदया म्हणायला मी तयार नाही. ती फोटोची हौस आहे. मिठा-मसाल्याच्या तळणावर हिमालय ओलांडता येत नाही.

तेव्हा या महिन्यात किनाऱ्यावर जाणार असाल तर एवढं करा. थवा दिसला की सुक्या वाळूकडून वळसा घालून जा. कुत्रा बरोबर असेल तर साखळी सोडू नका. गाडी रस्त्यावरच ठेवा. आणि पोराला पक्ष्यांच्या मागे धाडण्याऐवजी शेजारी उकिडवं बसवून दुर्बीण त्याच्या हातात द्या.