रक्ताची गुठळी, झोप आणि सरकारी पैसा

कॅनडात दोन आजारगटांसाठी सरकारी पैशातून देशव्यापी संशोधन जाळी चालतात. एक झोपेच्या विकारांवर, दुसरं रक्तात गुठळ्या होण्यावर. गुठळ्यांवरच्या जाळ्याचं नाव ‘कॅनव्हेक्टर’. पैसा देते ‘कॅनेडियन इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ रिसर्च’ ही तिथली सरकारी संस्था, म्हणजे आपल्या आयसीएमआरसारखी. कॅनडाचं आपल्याला काय, असं वाटेल. पण गोष्ट आपल्या उंबरठ्यापर्यंत येते.

जाळं म्हणजे नवी इमारत नव्हे. वेगवेगळ्या शहरांतली हॉस्पिटलं एकच फॉर्म भरतात, पेशंटची नोंद एकाच पद्धतीने ठेवतात आणि चाचणी एकाच वेळी सुरू करतात, एवढंच. पण हे ‘एवढंच’ फुकटात होत नाही. नोंदी ठेवणारी नर्स, आकडेवारी बघणारा माणूस, रक्ताचे नमुने साठवायचा फ्रीज, सगळ्याला दरवर्षी पगार आणि वीजबिल लागतं.

त्याचा फायदा कोविडमध्ये दिसला. कोविडच्या पेशंटच्या रक्तात गुठळ्या होतात हे कळल्यावर जगभर डॉक्टर अंदाजाने हेपरिनचा डोस वाढवू लागले. कॅनडातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने एक चाचणी सुरू झाली आणि ती इतर दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांशी जोडली गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये निकाल छापून आले. वॉर्डातल्या, फार गंभीर नसलेल्या पेशंटना पूर्ण डोसचा फायदा होतो. आयसीयूतल्या गंभीर पेशंटना होत नाही. म्हणजे जो उपाय सरसकट चालला होता, तो निम्म्या ठिकाणी बरोबर आणि निम्म्या ठिकाणी निरुपयोगी होता. एकट्या हॉस्पिटलला हे दहा वर्षांत कळलं नसतं.

आता आपल्याकडे बघू. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने सांगितलं की कोविशील्डनंतर गुठळ्यांच्या २६ संभाव्य केसेस सापडल्या, म्हणजे दहा लाख डोसमागे ०.६१. ब्रिटनमध्ये हेच प्रमाण ४ आणि जर्मनीत १० असल्याचंही त्यातच नमूद होतं. दक्षिण आशियाई लोकांत गुठळ्यांचा धोका मुळात कमी असतो, हा खुलासा सरकारने दिला आणि त्याला आधारही आहे. पण दुसरा प्रश्न उरतोच: आपल्याकडे खरंच कमी झाल्या, की कमी मोजल्या गेल्या? तालुक्याच्या गावात एखाद्याचा पाय सुजून दोन दिवसांत इंतकाल झाला, तर घरचे ‘हार्ट अटॅक’ म्हणतात आणि दफन होऊन जातं. मोजणारी व्यवस्था नसेल तर अफवा आणि सरकारी खुलासा, दोन्ही सारखेच वाटू लागतात. २०२४ मध्ये हा विषय पुन्हा पेटला तेव्हा व्हॉट्सॲपवर नेमकं तेच झालं.

आपल्या समाजाचा थेट संबंध असलेली आणखी एक बाब. हेपरिन आणि त्याच्या जातीतली एनॉक्सापॅरिनसारखी इंजेक्शनं बहुतेक करून डुकराच्या आतड्यापासून बनतात. जीव धोक्यात असेल आणि पर्याय नसेल तर मुभा आहे, हे उलेमांनी पूर्वीपासून सांगितलंय, त्यामुळे कोणीही डॉक्टरला न विचारता औषध बंद करू नये. पण पर्याय शोधायचा कोणी? फोंडापॅरिनक्स हे पूर्णपणे रासायनिक औषध आहे, गोळ्याही आहेत, पण प्रत्येक पेशंटला त्या चालत नाहीत. अमेरिकेत गायीपासूनचं हेपरिन नव्वदच्या दशकात ‘मॅड काऊ’च्या भीतीने बाजारातून गेलं, आता एकाच जनावरावर अवलंबून राहू नये म्हणून तिथलं औषध प्रशासनच ते परत आणायला उत्तेजन देतंय. हे मजहबी कारण नाही, पुरवठ्याचं आहे. उपयोग मात्र आपल्यालाही होईल.

हजला जाणाऱ्यांचंही तसंच. चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पातून २००७ मध्ये पुढे आलं. तरीही तो साधारण सहा हजारांत एक इतकाच, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण मुंबई-जेद्दा त्याहून लांबचा पल्ला, आणि हाजींत वयस्क मंडळी भरपूर. तरबियती कॅम्पमध्ये यावर पाच मिनिटं बोलायला काय हरकत आहे?

झोपेचं तर विचारूच नका. भिवंडी, मालेगावच्या पॉवरलूमवर बारा-बारा तासांची पाळी, एक आठवडा रात्र तर एक आठवडा दिवस. रात्रपाळी माणसात कॅन्सरला बहुधा कारण ठरते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये म्हटलं आणि २०१९ मध्ये पुन्हा म्हटलं. दिवसा वर्गात पेंगणारं पोर आळशी असतं असं आम्ही शिक्षक पटकन ठरवतो. खोली एकच आणि अब्बा पहाटे पाळीवरून येतात, हे कोण विचारतो? एम्सच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये भारतभरचे अभ्यास एकत्र करून अंदाज काढला की झोपेत श्वास अडकण्याचा विकार सुमारे दहा कोटी लोकांना असावा. त्यावरचं सीपॅप मशीन तीस-चाळीस हजारांच्या घरात जातं. लूम कामगाराने ते कुठून आणायचं?

पैशाची बाजू अशी. भारत संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं, पाच वर्षांत ५०,००० कोटींचा आराखडा. त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे आहेत. उद्योग पैसा देईल तो विकता येईल अशा गोष्टीला. रात्रपाळीच्या कामगाराला आठवड्याला पाळी बदलण्यापेक्षा महिन्याला बदलली तर झोप सुधारते का, या प्रश्नातून कुठलीही गोळी विकली जात नाही. हे काम १४,००० कोटींच्या सरकारी हिश्श्यातूनच व्हावं लागेल.

मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवरची राष्ट्रीय संस्था आहे. भिवंडी तिथून लोकलने आणि रिक्षाने दोन तासांवर. आपले आमदार आरोग्याच्या प्रश्नावर उभे राहतात तेव्हा बहुतेक वेळा ॲम्ब्युलन्स आणि खाटा मागतात. पुढच्या अधिवेशनात एकाने तरी विचारावं, की लूमच्या वस्त्यांतले दवाखाने, सरकारी रुग्णालयं आणि परळची ही संस्था एका फॉर्मवर आणायला किती पैसे लागतील, आणि ते कुठल्या खात्यातून मिळतील.